रेक्याविकला जाताय? आधी जोडवी काढा

आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे नळाच्या गरम पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. घाबरू नका, पाणी खराब नाही. इथे पाणी जमिनीखालच्या उष्णतेवर तापतं आणि त्यात थोडा हायड्रोजन सल्फाइड हा वायू असतो, त्याचाच हा वास. त्याच वायूने चांदीही काळी पडते. म्हणून अंघोळीआधी जोडवी, पैंजण, चांदीची साखळी काढून कोरड्या पुडीत ठेवा. विसरलात आणि डाग पडलाच, तर भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर दागिना ठेवा, वर चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी ओता. काळेपणा बराचसा उतरतो. खडे किंवा मोती बसवलेल्या दागिन्यावर मात्र हा प्रयोग नको.

पिण्यासाठी फक्त थंड नळ. हे पाणी झऱ्याचं, अतिशय चवदार. बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. एकाच तोटीतून दोन्ही पाणी येत असेल तर ती थंडवर फिरवून वास जाईपर्यंत पाणी सोडा, मग भांडं भरा. चहाचं आधणही थंड पाण्याचंच ठेवा, नाहीतर आलं-वेलची घालूनही तो वास लपत नाही. गरम नळ एकदम पूर्ण सोडू नका, पाणी चटका बसेल इतकं कढत असू शकतं. मुलांबरोबर असाल तर आधी स्वतः हात लावून बघा.

सार्वजनिक तरणतलावात उतरण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने अंघोळ करावीच लागते. तलावात क्लोरीन कमी घालतात, म्हणून हा नियम. संकोच वाटेल, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.