सिम्युलेटरवर मास्टॉइड ड्रिल करताय? या चुका टाळा

नवीन इएनटी रेसिडेंट्सना (कान-नाक-घसा शिकणाऱ्या डॉक्टरांना) मास्टॉइड, म्हणजे कानामागचं हाड, ड्रिल करायला व्हीआर (आभासी) सिम्युलेटरवर बसवते आणि दर बॅचला त्याच चुका बघते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. आम्ही कोपनहेगनचा व्हिजिबल इअर सिम्युलेटर वापरतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, पण हॅप्टिक पेन घ्याच, हाड हाताला लागलं नाही तर शिकणार काय?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विहीर खणणं. लवकर अँट्रम (मास्टॉइडच्या आतली मोठी पोकळी) गाठायचं म्हणून छोटा बर (ड्रिलला लावायचं गोल डोकं) घेऊन सरळ खाली जायचं. आमच्याकडे एक मुलगा होता, हात चांगला, पण घाई फार. सिम्युलेटरवर रोज तोच एक कान घ्यायचा, तो कान पाठ झालेला, त्यामुळे अरुंद खड्ड्यातूनही बरोबर पोचायचा आणि मी ओरडले की म्हणायचा, "मॅडम, पण पोचलो ना!" मग लॅबमध्ये कॅडेव्हरचं (मृतदेहाचं) टेम्पोरल बोन, म्हणजे कानाचं हाड, मिळालं. तिथेही तशीच विहीर, खाली सपाट हाडाचा पडदा लागला आणि याला वाटलं हीच अँट्रमची आतली भिंत. तो होता कोर्नरचा सेप्टम, काही कानांत अँट्रमच्या वाटेत असणारा हाडाचा पडदा. लॅटरल कॅनॉल (आतल्या कानाची तोल सांभाळणारी नळी, अँट्रमची खूण) दिसेना म्हणून तो तिथूनच पुढे आणि खाली शोधत गेला आणि फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) कापली. मृत हाड होतं म्हणून निभावलं, पण पेशंट असता तर त्याचा अर्धा चेहरा गेला असता, आणि तो विचार मला अजून सोडत नाही.

मोठ्या माणसात अँट्रम साधारण दीड सेंटीमीटर आत असतं, त्याआधीच तळ लागला तर संशय घ्या, आणि लॅटरल कॅनॉलचा गुळगुळीत पिवळट उंचवटा दिसल्याशिवाय अँट्रम मिळालं असं म्हणूच नका. माझी सवय अशी की सगळ्यात मोठा कटिंग बर घ्यायचा आणि परातीसारखं पसरट उघडायचं, कडा तिरक्या ठेवायच्या. वर टेगमेन (मेंदूखालचं पातळ हाड), मागे सिग्मॉइड सायनस (मेंदूकडून येणारी मोठी शीर) वरची भिंत, पुढे कानाच्या बाहेरच्या नळीची भिंत, या तिन्ही पातळ होऊन दिसू लागल्या की मगच खोल जायचं, आणि सगळ्यात खोल जागा कायम वर-पुढच्या कोपऱ्यात, मॅकइवेनच्या त्रिकोणाखाली (कानाच्या नळीच्या वर-मागे हाडावर दिसणारी जागा). वेळ जास्त लागतो, लागू दे.

दुसरी चूक हिरव्या रंगाची. सिम्युलेटरमध्ये ट्यूटर चालू असला की पुढे कुठलं हाड काढायचं ते हिरवं दिसतं, आणि मुलं कान न बघता हिरवं खरवडत बसतात. ट्यूटर बंद केला की तीच मुलं सायनसमध्ये घुसतात. मी पहिले दोन कान ट्यूटरवर करू देते, नंतर बंद, आणि प्रत्येक लँडमार्क (ओळखीची खूण) आला की त्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावते. मुलांना लाज वाटते, पण ज्याला नाव घेता येत नाही त्याला ते दिसलेलंच नसतं.

फिरता बर इन्कसला (कानातल्या तीन छोट्या हाडांपैकी मधलं) लावू नका, हाडांच्या साखळीतून कंपनं आत जातात आणि खऱ्या पेशंटला हाय फ्रिक्वेन्सीचं कायमचं बहिरेपण येऊ शकतं. सुरुवातीपासून झूम करून बसू नका, दिशा हरवते. बरच्या टोकाने टोचू नका, कडेने घासा, आणि नर्व्हजवळ तिच्या लांबीच्या दिशेनेच. सिम्युलेटरवर हाड तापत नाही म्हणून पाणी सोडत ड्रिल करायची सवय लागत नाही आणि मग लॅबमध्ये डायमंड बर कोरडाच चालवतात, उष्णतेने नर्व्ह भाजते हे डोक्यात ठेवा.

आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी दहा कान उरकू नका, हात त्याने बसत नाही. आमच्याकडे एका दिवशी दोन कान, मग दोन-तीन दिवस सुट्टी. वहीत वेळ लिहायची नाही, कशाकशाला बर लागला तेवढंच लिहायचं, आणि पुढच्या वेळी बसण्याआधी ते पान वाचायचं.