रिपरच्या पत्रांचं अक्षर पडताळताय? या चुका टाळा

25 सप्टेंबर 1888 अशी तारीख घातलेलं, लाल शाईतलं एक पत्र लंडनच्या सेंट्रल न्यूज एजन्सीकडे आलं. सुरुवात ‘डिअर बॉस’, खाली सही ‘जॅक द रिपर’. पूर्व लंडनमध्ये तेव्हा बायकांचे खून करणाऱ्या, कधीच न सापडलेल्या खुन्याला पुढे हेच नाव पडलं. तेव्हापासून लोक त्याच्या शेजारी कुणा ना कुणा संशयिताचं पत्र ठेवतात, दोन-चार अक्षरांचे फाटे जुळवतात आणि खुनी सापडला म्हणून सांगतात.

पत्र खुन्याचंच, असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती अक्षराकडे बघण्याआधीच होऊन जाते. हे पत्र एखाद्या पत्रकाराचं काम आहे असं स्कॉटलंड यार्डातल्या वरिष्ठांनाच वाटत होतं. स्पेशल ब्रँचचे निवृत्त प्रमुख जॉन लिटलचाइल्ड यांनी 1913 साली लिहिलेल्या पत्रात तर सेंट्रल न्यूजच्याच माणसाकडे बोट दाखवलं. म्हणजे अक्षर तंतोतंत जुळलं, तरी हाती लागेल तो पत्र लिहिणारा. सुरी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न तसाच उरतो.

त्यात 3 ऑक्टोबरला पोलिसांनी हे पत्र आणि पाठोपाठ आलेलं पोस्टकार्ड यांची हुबेहूब प्रतिकृती छापून जाहीर केली. कुणीतरी अक्षर ओळखेल ही आशा होती, पण सगळ्या देशाला गिरवायला आयता कित्ता मिळाला. ब्रॅडफर्डमध्ये मरिया कोरोनर नावाच्या तरुणीला अशी पत्रं लिहिल्याबद्दल अटक झाली. आज अभिलेखागारांत अशी 200 हून अधिक पत्रं आहेत. म्हणून आधी कागदांची तारीखवार यादी करा. पत्र 3 ऑक्टोबरनंतरचं असेल, तर ‘डिअर बॉस’शी असलेल्या साम्याला फार वजन देऊ नका.

शाळेचं वळण म्हणजे माणसाची लकब नव्हे

व्हिक्टोरियन काळातली मुलं छापील कित्ते गिरवून लिहायला शिकत. तोच तिरकेपणा, तेच गोल फाटे लाखो हातांत उतरले होते. ‘एस’ जोडून येतो तिथे पहिला लांब काढण्याची पद्धत आज आपल्याला विचित्र वाटते, पण तेव्हाच्या पत्रांत ती ठिकठिकाणी सापडते. अशा खुणांवर निष्कर्ष उभा राहत नाही. लिहिणारा कित्त्यापासून कुठे ढळतो ते शोधा: ‘टी’ची आडवी रेघ कुठून सुरू होते, लेखणी शब्दाच्या मध्येच कुठे उचलली जाते, लहान-मोठ्या अक्षरांचं प्रमाण काय, ओळ समासाजवळ येताना कशी दाटते. एकच खूण जुळून भागत नाही, अशा सवयींचा संच जुळावा लागतो.

स्कॅनवर विसंबणं

पोलादी निबावर दाब आला की त्याच्या दोन पाती फाकतात. म्हणून खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक. शाई संपत आली की अक्षर फिकटतं, निब बुडवला की पुन्हा गडद होतं. हात कुठे धावला, कुठे अडखळला, हे त्यावरून कळतं. नक्कल करणारा हळू लिहितो, आणि रेघेतला कंप त्याला उघडं पाडतो. चपट्या, काळ्या-पांढऱ्या चित्रात यातलं काहीच उरत नाही. तिथल्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना 16 ऑक्टोबरला मिळालेल्या, अर्ध्या मूत्रपिंडासोबतच्या ‘फ्रॉम हेल’ पत्राचं मूळ हरवलं आहे. आपल्याकडे फक्त त्याचा फोटो आहे, तेव्हा त्यावर दाबाच्या गप्पा करू नयेत.

एका खुनानंतर बळीच्या एप्रनचा तुकडा जिथे सापडला, त्या गोल्स्टन स्ट्रीटवर भिंतीवर खडूनं लिहिलेल्या मजकुराची गत याहून वाईट. 30 सप्टेंबरच्या पहाटे, फोटो काढण्याआधीच, पोलिस आयुक्त चार्ल्स वॉरन यांच्या हुकमावरून तो पुसला गेला. लाँग आणि हॉल्स या दोन पोलिसांच्या नोंदींत त्या मजकुरातल्या ‘नॉट’ (‘नाही’) या शब्दाची जागासुद्धा एक नाही. उरली आहे ती सरकारी कागदांतली नक्कल. तिच्यातली अक्षरं संशयिताशी ताडणं म्हणजे ती उतरवून घेणाऱ्याचं अक्षर तपासणं.

हात एकाचा, मजकूर दुसऱ्याचा

डॉ. थॉमस नील क्रीम यानं लंडनच्या लॅम्बेथ भागात स्ट्रिकनीन देऊन खून केले. 1892 साली खटल्यात त्याची वाग्दत्त वधू लॉरा सबातिनी हिनं सांगितलं, की काही पत्रं क्रीमच्या सांगण्यावरून आपण लिहिली. कारकुनानं लिहिलेले मोडी कागद वाचणाऱ्यांना हे नवं नाही. क्रीमला अडकवण्यात त्याच्या पत्रांतल्या मजकुराचाही मोठा हात होता: मटिल्डा क्लोव्हरचा मृत्यू दारूमुळे अशी नोंद असताना, तिला विष दिल्याचं त्याच्या खंडणीच्या पत्रात आधीच लिहिलेलं होतं. अक्षराइतकंच, लिहिणाऱ्याला काय माहीत होतं तेही वाचा.

अक्षरावरून क्रौर्य किंवा वेड ओळखण्याच्या नादी मात्र लागूच नका.

जुळलं नाही, की सबब शोधणं

अक्षर जुळत नसेल तर आधी नमुने तपासा. आजारपणातली सही आणि घाईतलं खासगी पत्र यांची तुलना होत नाही. त्याच सुमाराची, त्याच प्रकारची, निर्विवाद अशी चार-पाच पत्रं हवीत. ती मिळूनही जुळलं नाही, तर ते मान्य करा. लिव्हरपूलचा कापूस व्यापारी जेम्स मेब्रिक याची म्हणून 1992 साली पुढे आलेली ‘रिपरची डायरी’ त्याच्या मृत्युपत्राच्या अक्षराशी जुळत नाही. मग मनःस्थितीनुसार अक्षर पालटतं, असा बचाव पुढे येतो. (त्याच्या खुनाबद्दल पत्नी फ्लोरेन्सवर 1889 साली खटला चालला. न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, म्हणजे आपल्याकडे 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याचे कर्ते. अक्षर ताडून पाहण्याचं कलम 73 त्यातलंच होतं.)

तुलना सुरू करण्याआधीच कागदावर लिहून ठेवा: काय दिसलं तर हा संशयित मी सोडून देईन? कारण ‘मुद्दाम बदललेलं अक्षर’ ही सबब कुणालाही चिकटवता येते. 1896 साली अॅडॉल्फ बेक यांच्यावरच्या फसवणुकीच्या खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञ थॉमस गुरिन यांनी हेच सांगितलं होतं, की पत्रं बेक यांचीच, फक्त अक्षर बदललेलं. 1904 मध्ये खरा ठग पकडला गेला आणि गुरिन यांनी आपलं मत मागे घेतलं. तोवर बेक पाच वर्षं तुरुंगात काढून आले होते.