लगद्याचे मॉडेल बांधू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातून रासायनिक अभियांत्रिकी शिकलेल्यांची पहिली नजर साखर कारखान्यांकडे जाते. खानापूर-अळणावर मार्गे गाठता येणाऱ्या दांडेलीत १९५५ साली स्थापन झालेली वेस्ट कोस्ट पेपर मिल्स आहे, हे मात्र नोकरी शोधताना फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. डेटाचे काम, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधणारी संगणकीय मॉडेल घडवणे, शिकण्यासाठी कागद उद्योगाइतके कसदार क्षेत्र मला दुसरे आढळले नाही.

लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ, किती उरले ते कप्पा क्रमांकावरून कळते. तो चढला तर ब्लीचिंगला रसायने जास्त लागतात आणि फार उतरला तर तंतूच खर्ची पडतो. प्रयोगशाळेत हा क्रमांक काही तासांनी एकदा काढला जातो, तर तापमान आणि प्रवाहाच्या नोंदी संगणकात अखंड साठत असतात. त्या नोंदींवरून मधल्या काळातील कप्पाचा अंदाज बांधणे, हे मॉडेलचे पहिले काम.

येथे वेळ जुळवणे सर्वांत कठीण. सतत चालणाऱ्या डायजेस्टरमध्ये, म्हणजे चिपा शिजवण्याच्या पात्रात, चिप काही तास असते, त्यामुळे आताच्या कप्पाचे कारण आताच्या तापमानात शोधणे व्यर्थ असते. त्यातच नमुना दोन वाजता घेतलेला आणि नोंद तीन वाजून गेल्यावर केलेली, असे रजिस्टरमध्ये सर्रास दिसते. नुसत्या तापमानाऐवजी एच-फॅक्टर वापरावा. तो वेळ आणि तापमान एकाच आकड्यात आणतो. १०० अंशांवरील विक्रियेचा वेग १ धरला, तर १७० अंशांवर तो ९०० च्या पुढे जातो.

दुसरी गोम ऑपरेटरच्या हातात असते. कप्पा चढू लागला की तो तापमान वाढवतो. परिणामी तापमान वाढल्यामुळेच कप्पा चढतो, असा उलटा निष्कर्ष मॉडेल डेटातून काढू शकते. त्यामुळे रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बसावे आणि कामापुरते तरी कन्नड शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. पावसाळ्यात चिपा ओल्या आल्या की द्रावण पातळ होते; ही गोष्ट ऑपरेटर सहज बोलून जातो, पण आर्द्रता मोजणारे यंत्र नसेल तर डेटात तिचा मागमूसही नसतो.

पद्धतीचा फार बाऊ करू नये. पार्शल लीस्ट स्क्वेअर्स या साध्या सांख्यिकी पद्धतीपासून सुरुवात पुरेशी आहे. चाचणी मात्र नोंदी सरमिसळ करून घेऊ नये, कारण शेजारच्या नोंदी एकमेकींसारख्या असल्याने मॉडेलच्या अचूकतेचे गुण फुगतात. आधीच्या महिन्यांवर मॉडेल शिकवावे, नंतरच्या महिन्यांवर तपासावे आणि त्यांत एक पावसाळा तरी असावा. पुढे शिकायचे असल्यास आयआयटी रूरकीच्या सहारनपूर परिसरात कागद आणि पॅकेजिंग तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे.

कारखान्यात मॉडेल प्रथम केवळ सल्ला देण्यापुरते चालवावे, अंदाजासोबत त्याची संभाव्य चूकही पडद्यावर दाखवावी, आणि ऑपरेटरने सल्ला नाकारला तर त्याचे कारण त्याच पाळीत लिहून घ्यावे.