गोळ्या सुटल्या, त्रास रेंगाळला: सोबत करताना या चुका टाळा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी म्हणून सुरू झालेल्या या गोळ्या पाच-दहा वर्षांनी एकदाच्या सुटतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस रात्री अडीचला फोन करतो: "कानात शिट्टी वाजतेय, पायाला मुंग्या आल्यात, डोळ्याला डोळा नाही. पुन्हा सगळं सुरू झालं." अशा वेळी यातून आधी गेलेल्या सोबत्याचा शब्द त्याला सगळ्यात जवळचा वाटतो. म्हणूनच त्या शब्दाने जितका आधार मिळतो, तितकंच नुकसानही होऊ शकतं.

"अजून बरं नाही वाटत?"

हे विचारूच नका. गोळी रक्तातून काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जाते. मेंदूला वेळ लागतो. या गोळ्या मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतात. वर्षानुवर्षं असा बाहेरचा टेकू मिळाला की मेंदू स्वतःचा हात आखडता घेतो. टेकू निघाल्यावर घडी पुन्हा बसायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. त्यातही सुधारणा सरळ चढत जात नाही. चार दिवस उघडीप, मग पुन्हा सर, असं चालतं. उघडीप पडली की माणूस खूश होऊन दहा कामं अंगावर घेतो, आणि सर आली की "मी होतो तिथेच आलो" म्हणून खचतो. हे चक्र त्याला चांगल्या दिवसात समजावून सांगा. वाईट रात्री समजावलेलं डोक्यात शिरत नाही.

"मला तर तीन महिन्यांत बरं वाटलं होतं"

धीर द्यायला म्हणून बोललेलं हे वाक्य समोरच्याच्या मनात अपयश होऊन बसतं. गोळी कोणती, किती वर्षं घेतली, किती वेगाने कमी केली, सोबत दारू होती का, यावर सगळं ठरतं. मिलिग्रॅमचा आकडाही फसवतो. न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवणाऱ्या प्रा. हेदर ॲश्टन यांच्या हिशेबात ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे याच जातीच्या डायझेपामचे साधारण १० मिलिग्रॅम. "अर्ध्याचीच तर गोळी होती" असं म्हणून कुणाचा त्रास हलका करू नका.

तुलना करायचीच तर त्या माणसाची त्याच्याशीच करा. त्यासाठी एक साधी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, झोपेचे तास, सगळ्यात छळणाऱ्या तीन तक्रारी आणि त्यांना ० ते १० पैकी गुण, चहा-कॉफीचे कप. उदाहरणार्थ: "१४ तारीख, झोप ३ तास, शिट्टी ७, मुंग्या ४, धडधड ६, चहा ५ कप." ही ओळ दिवसातून एकदाच, सकाळी लिहायची. दर तासाला गुण देत बसलं की लक्ष त्रासावरच खिळतं आणि त्रास वाढतो. महिना भरला की मागच्या महिन्याची पानं शेजारी ठेवून दोघांनी मिळून वाचा. 'काहीच फरक नाही' म्हणणाऱ्याला तीनची झोप साडेचारवर गेलेली स्वतःच्या अक्षरात दिसते. दुपारनंतरचा चहा बंद केल्यावर काय झालं, तेही तिथेच दिसतं.

सगळं खापर गोळ्यांवर फोडणं

आम्हाला सगळ्यात घातक वाटते ती ही चूक, आणि ती अनुभवी सोबत्यांकडून जास्त होते. "हे विथड्रॉवलच (गोळी सुटल्यावरचा त्रास) आहे, जाईल" असं म्हणणं सोपं असतं, कारण बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण धडधड आणि थरथर थायरॉइड वाढल्यानेही होते. हातापायाच्या मुंग्या बी-१२ कमी असल्यानेही येतात, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. हिमोग्लोबिन उतरलं की दम लागतो, चक्कर येते. या तिन्ही तपासण्या साध्या रक्ततपासणीत होतात. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्यायला सांगा, आणि पूर्वी कोणती गोळी किती वर्षं घेतली हे न लपवता सांगायला लावा.

फिट येणं, छातीत दुखणं, भ्रम होणं, शुद्ध हरपणं यात थांबायचं नाही. थेट १०८ लावायचा. आणि "जगावंसं वाटत नाही असं होतंय का?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या कुणाला तरी जागं करा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर जोडून द्या. जिवाला लगेच धोका दिसला तर ११२.

अर्ध्या गोळीचा सल्ला

"आजच्या रात्रीपुरती अर्धी घे" असं सोबत्याने कधीही म्हणू नये. दारूचं तर नावच नको. तीही गाबावरच काम करते. उलट टोकाची चूकही तितकीच धोक्याची: अजून डोस कमी करत असलेल्याला "टाक सोडून एकदाची" म्हणणं. एकदम बंद केल्याने फिट येऊन जीव जाऊ शकतो. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के इतकीच कपात सुचवतात. वेग डॉक्टरच ठरवतील. गोळ्या पूर्ण सुटल्या असतील तर कपाटात, पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये उरलेल्या स्ट्रिप घरच्यांकरवी काढून घ्या. अडीच वाजता इच्छाशक्तीच्या भरवशावर राहू नका.

रात्रीचा फोन लांबवणं

दोन तासांच्या बोलण्याने दोघांचीही झोप जाते. वीस मिनिटं पुरे. आधी विचारा: शेवटचं कधी खाल्लंत? आज कुठली नवी गोळी, खोकल्याचं औषध, दारू घेतली का? ताप आहे का? घरात कोण आहे? मग पाय जमिनीला टेकवून बसायला सांगा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नये, बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसावं आणि सकाळी ठरलेल्या वेळीच उठावं. फोन ठेवण्यापूर्वी उद्या किती वाजता बोलायचं ते ठरवा, आणि ती वेळ पाळा.

एका माणसाने एकट्याने हे पेलू नये. तिघांनी वार वाटून घ्या, आणि कोणत्या वारी कोणाला फोन करायचा ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.