जुना तव्याचा नांगर लावताय? या चुका टाळा

भंगाराच्या भावात आणलेला तव्याचा नांगर (फाळाऐवजी गोल लोखंडी तवे असलेला, ट्रॅक्टरमागे जोडायचा) पहिल्या दिवशी हमखास रुसतो. तवे जमिनीत घुसतच नाहीत. मग कोणीतरी वर दगड बांधतं, दगड नसला तर पोराला बसवतं. आमच्या पुरंदरच्या मुरमाड रानात लहानपणी मीही असा बसलोय. आता विचार केला की अंगावर काटा येतो. एक हिसका बसला असता तर सरळ तव्यांखालीच गेलो असतो.

वजन वाढवण्याआधी कोन बघा. तवा मागे किती कललाय, त्यावर बरंच अवलंबून असतं. हा कल उभ्या रेषेपासून साधारण १५ ते २५ अंश असतो. कडक रानात तवा जास्त उभा ठेवा, म्हणजे तो घुसतो. मापायला गवंड्याचा ओळंबा पुरे. नांगर सपाट जागेवर टेकवून तव्याच्या वरच्या काठावरून ओळंबा सोडायचा. ६० सेंटिमीटरच्या तव्याला ओळंब्यापासून खालच्या काठापर्यंतचं आडवं अंतर १५ ते २५ सेंटिमीटर भरलं पाहिजे. दुसरा कोन तवा चालीच्या दिशेला किती तिरका आहे त्याचा, तो ४२ ते ४५ अंशांच्या आसपास. जुन्या नांगरात एखादा तवा वेगळ्याच भोकात बसवलेला निघतो, म्हणून सगळे तवे मोजा.

कोन जुळूनही तवा डुगडुगत असेल तर दोष बेअरिंगचा. ट्रॅक्टर बंद करा, नांगर उचललेला असेल तर फ्रेमखाली लाकडी ठोकळे द्या, मगच हात घाला. नुसत्या हायड्रॉलिकच्या (ट्रॅक्टरच्या तेलावरच्या उचलयंत्रणेच्या) भरवशावर नांगराखाली जायचं नाही. उचललेला नांगर कधी खाली येईल याचा नेम नसतो. तवा वरखाली धरून हलवा. खडखडला तर आधी बेअरिंग घट्ट करा, झिजलं असेल तर बदला. ग्रीस ओतून खडखड जात नाही.

पुढचा तवा खोल आणि मागचा वर चालत असेल तर टॉप लिंक (नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा, लांब-आखूड होणारा दांडा) थोडी लांब करा. उलट असेल तर आखूड. तिच्या पिनच्या जागी सळईचा तुकडा घालू नका.

ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर मागचं तिरकं चाक बघा. तव्यांचा बाजूचा रेटा तेच पेलतं, पण खरेदी करताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

दौंड-इंदापूरकडची काळी माती ओली असताना तव्याला लिंपते. तिथे स्क्रेपर (तव्याची माती खरवडणारी पट्टी) नसलेला नांगर नेऊच नका, आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे ओल बेताची होऊ द्या. वळताना नांगर उचला, नाहीतर फ्रेम वाकते.

माझा नांगर मी हडपसरहून आणला. दिवे घाटात चढताना ट्रॅक्टरचं नाक हलकं झालं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरायला लागलं. पुढे वजनं न लावता निघालो होतो, चूक माझीच. तेव्हापासून एवढ्या लांबून नांगर आणायचा तर तो ट्रॉलीत टाकूनच आणतो.