स्टँडवर थांबायचं, पण ऑन लिहायचं नाही

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी संध्याकाळी मराठी शाळेतल्या मुली इंग्रजीसाठी येतात. परवा एकीनं लिहिलं, 'आय ॲम वेटिंग ऑन द बस स्टँड.' विचारलं तर म्हणाली, "स्टँडवर थांबलोय की बाई!" आपला 'वर' तिला आडवा आला होता.

मराठीत टेबलावर, स्टँडवर, कामावर, सगळीकडे 'वर' चालतो. इंग्रजी ऑनला बहुतेक वेळा टेकायला पृष्ठभाग लागतो: भिंत, जमीन, रस्ता. स्टँड म्हणजे भेटायचं ठिकाण, म्हणून ॲट. इथं कानडी कामाला येते. कानडीत 'मेले' म्हणजे वर. पण कानडी माणूस 'स्टँड मेले' म्हणत नाही, 'स्टँडनल्ली' म्हणतो. 'मेले' कानाला खटकलं की ऑन लिहिण्याआधी थांबा.

बसमध्ये चढलं की ही युक्ती संपते. बस, रेल्वे, विमान यांना ऑन. कार, रिक्षाला इन. आत उभं राहून चालता येतं त्याला ऑन, एवढं धरून ठेवा. झाडावरचा पक्षी मात्र 'इन द ट्री', कारण तो फांद्यांच्या आत असतो.

वेळेसाठी मी आपल्या टिळकवाडीतलं काँग्रेस अधिवेशन घेते, गांधीजी अध्यक्ष होते ते. 'इन 1924', 'इन डिसेंबर', पण तारीख आली की 'ऑन 26 डिसेंबर'. घड्याळाला ॲट. सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग', सोमवारी सकाळी म्हणजे 'ऑन मंडे मॉर्निंग'. रात्रीला 'ॲट नाइट'.

खरी अडचण 'पर्यंत'ची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कार्यालयाला कळवलं, 'आय विल बी इन खानापूर बाय संडे.' मला म्हणायचं होतं, रविवारपर्यंत मी तिथंच आहे. त्यांनी अर्थ घेतला, रविवारपर्यंत पोचेन. त्यांचा माणूस कागद घेऊन सोमवारी आला, तेव्हा मी बेळगावात परतले होते. ती सही महिनाभर लांबली. तेव्हापासून मी एक परीक्षा लावते. 'पर्यंत' काढून 'च्या आत' बसवून बघा. 'सोमवारच्या आत फॉर्म भरा' बरोबर वाटतं, तिथं बाय. 'रविवारच्या आत खानापुरात राहणार' असं कुणी म्हणत नाही, तिथं टिल.