लेबर रूममध्ये थंड पडणारी बाळं: सुधारणेचा छोटा अभ्यास कसा करावा

प्रसूतिसेवा सुधारायची म्हटलं की बहुतेक रुग्णालयांत आधी ट्रेनिंग ठरतं, नाहीतर नव्या वॉर्मरची, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राची, मागणी जाते. दोन्ही होऊनही वॉर्डात पोचलेलं बाळ हाताला गार लागतं, कारण ते नेमकं कधी आणि कुठे थंड पडलं हे कुणी मोजलेलं नसतं. ते मोजण्याची, कारण शोधण्याची आणि बदल करून पाहण्याची ही रीत आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या, लेबर रूममधली सेवा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमामुळे ‘क्वालिटी टीम’ हा शब्द सरकारी लेबर रूममध्ये ओळखीचा झाला आहे. तिथली टीम हा अभ्यास नेहमीच्या ड्यूटीतच करू शकते.

आधी आकडे पक्के करा. नवजात बाळाचं काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावं. 36.0 ते 36.4 म्हणजे थंडीचा ताण, 32.0 ते 35.9 म्हणजे मध्यम थंड पडलेलं बाळ, आणि 32 च्या खाली गेलं तर जिवावरचं. ओलं बाळ उघडं राहिलं तर पहिल्या 10 ते 20 मिनिटांतच त्याचं तापमान 2 ते 4 अंशांनी उतरू शकतं. म्हणजे नुकसान होतं ते लेबर रूममध्ये, आणि कळतं वॉर्डात गेल्यावर.

टीम 5 ते 7 जणांची पुरे: प्रत्येक शिफ्टची एक सिस्टर, मेडिकल ऑफिसर, बालरोगतज्ज्ञ असतील तर ते, पोस्टनेटल (बाळंतिणींच्या) वॉर्डची सिस्टर आणि लेबर रूमच्या मावशी. मावशींना वगळू नका. कोरडे टॉवेल कुठे संपतात, बाळ वॉर्डात नेताना कशात गुंडाळलेलं असतं, पंखा कोण लावतं, हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक असतं.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. त्यात कोणती बाळं, काय मोजायचं, किती वरून किती वर आणि कधीपर्यंत हे सगळं यायला हवं. नमुन्यादाखल: ‘नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या बाळांपैकी 1 तासाने 36.5 पेक्षा कमी तापमान असलेल्यांचं प्रमाण 8 आठवड्यांत 60 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणणं.’ यातला 60 चा आकडा अंदाजाने भरायचा नाही. तो तुमच्याच पहिल्या मोजणीतून यायला हवा. सिझेरियनची बाळं सुरुवातीला बाजूला ठेवा; ऑपरेशन थिएटरची थंडी आणि तिथली माणसं वेगळी, त्यामुळे कारणंही वेगळी निघतात.

आता मोजणी. सगळा अभ्यास हिच्यावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको. नेहमीचा क्लिनिकल थर्मामीटर 35 अंशांपासून सुरू होतो. खूप थंड बाळाचा आकडा त्यावर दिसतच नाही, म्हणून 32 किंवा त्याहून खाली वाचणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. दोन असतील तर कोमट पाण्यात एकत्र धरून पाहा, 0.2 अंशापेक्षा जास्त फरक आला तर त्यांच्यावर विसंबू नका. टोक काखेच्या मधोमध, हात अंगाशी धरलेला, बीप वाजेपर्यंत. वेळ ठरलेली हवी: जन्मानंतर बरोबर 60 मिनिटांनी, आणि वॉर्डात पोचल्यावर पुन्हा एकदा. एका बाळाचं 20 मिनिटांनी आणि दुसऱ्याचं 2 तासांनी घेतलं, तर त्या आकड्यांची तुलना होत नाही.

वेगळं रजिस्टर काढू नका, आठवड्यात ते कोरं पडतं. लेबर रजिस्टरमध्येच चार रकाने वाढवा: 60 मिनिटांचं तापमान, खोलीचं तापमान, आईच्या अंगावर बाळ किती मिनिटं होतं, दुसरा कोरडा टॉवेल वापरला की नाही. सलग 20 ते 30 प्रसूतींची नोंद झाली की सुरुवातीची स्थिती कळते. रात्रीच्या प्रसूती त्यात हव्यातच. आणि जे बाळ थंड सापडेल त्याला तिथल्या तिथे आईच्या अंगावर किंवा वॉर्मरखाली घ्या, डॉक्टरांना कळवा. आकडा लिहून पुढे जायचं नाही.

नोंदी तपासताना ओळीने 36.6, 36.6, 36.6 दिसलं तर ते मोजलेलं नाही, भरलेलं आहे. कुणाला झापू नका, त्याने पुढच्या नोंदीही तशाच येतील. दोन दिवस टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी सोबत उभं राहून मोजावं.

कारण शोधायला बाळाचा प्रवास कागदावर काढा: जन्म, पुसणं, नाळ कापणं, वजन, इंजेक्शन, आईकडे, वॉर्ड. मग एका प्रसूतीला प्रत्यक्ष उभे राहा आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते लिहा. बहुतेक ठिकाणी सापडणाऱ्या गोष्टी साध्या असतात. पुसलेला ओला टॉवेलच बाळाभोवती राहतो. वजनकाट्याच्या गार पत्र्यावर उघडं बाळ ठेवलं जातं. टोपी कपाटात कुलपात असते आणि चावी डे शिफ्टकडे. आईला घाम येतो म्हणून पंखा बाळावर फिरतो. खोली किमान 25 अंश हवी; तिथलं थर्मामीटर टेबलाच्या उंचीवर लावा, छताजवळ लावलं तर आकडा वाढीव दिसतो.

बदल एका वेळी एकच, तोही लहान. एक सिस्टर, एक शिफ्ट, एक प्रसूती. सुरुवातीला दोन टॉवेल आधीच वॉर्मरखाली गरम करून ठेवा: पहिल्याने पुसायचं, तो टाकायचा, दुसऱ्याने आईच्या अंगावरच्या बाळाला पाठीवरून झाकायचं, टोपी घालायची. काय अडलं ते त्याच दिवशी विचारा, दुरुस्त करा, मग दुसऱ्या शिफ्टला द्या. पुढचा बदल: वजन आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन पहिल्या तासानंतर, म्हणजे बाळ सलग 60 मिनिटं आईच्या अंगावर राहील आणि त्याच वेळात स्तनपान सुरू होईल. तासभर बाळाकडे कुणाचं तरी लक्ष हवं: मान सरळ, नाक मोकळं, चेहरा दिसेल असा एका बाजूला. आईला गुंगी असेल तर तिला एकटं सोडू नका.

आंघोळीचा प्रश्न आजींशी बोलून सोडवावा लागतो. अंगावरचा पांढरा थर त्यांना घाण वाटतो आणि लगेच न्हाऊ घालायची घाई असते. ‘आजी, तो थर बाळाची कातडी जपतो, उद्या याच वेळी न्हाऊ घालू’ असं प्रसूतीच्या आधीच, आजी शांत असताना सांगितलं तर ऐकलं जातं. किमान 24 तास थांबायचं.

एक सुधारताना दुसरं बिघडत नाही ना, हेही मोजा. 37.5 च्या वर गेलेली बाळं किती? आईला जन्मानंतर 1 मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन पूर्वीइतकंच वेळेवर मिळतंय का? टॉवेलच्या गडबडीत ते मागे पडलं, तर बदल चुकीचा बसला आहे.

दर आठवड्याचं प्रमाण आलेखावर एका ठिपक्याने मांडा. आठवड्याला 10 पेक्षा कमी प्रसूती होत असतील तर आठवडा सोडा, सलग 10 प्रसूतींचा एक ठिपका करा. सुरुवातीच्या ठिपक्यांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून आडवी रेघ ओढा. सलग 6 ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग 5 ठिपके एकाच दिशेने सरकले, तर फरक योगायोगाचा नाही असं धरा. एका चांगल्या आठवड्यावर पेढे वाटू नका.

ऋतू इथे हमखास फसवतो. विदर्भात डिसेंबरमध्ये सुरू केलेला अभ्यास मार्चमध्ये संपला तर उन्हाळ्यानेच बाळं गरम ठेवलेली असतात. खोलीच्या तापमानाचा रकाना त्याचसाठी आहे. तितक्याच तापमानाच्या दिवसांची एकमेकांशी तुलना करा, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा 30 बाळं मोजा.

हे काम प्रसिद्ध करायचा विचार असेल तर मोजणी सुरू करण्याआधीच संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे, जा. परवानगी मागाहून मिळत नाही. आईचं किंवा बाळाचं नाव विश्लेषणाच्या कागदावर कधीच नको.

प्रमाण खाली आल्यावर काम मोडतं ते बदल्या आणि धुलाईत. नवीन सिस्टर किंवा इंटर्न आले की पहिल्याच शिफ्टला त्यांना दोन टॉवेलची रीत हाताने करून दाखवा. शिफ्ट बदलताना कोरडे टॉवेल आणि टोप्या मोजून ताब्यात द्या. रात्रभरात अपेक्षित प्रसूतींच्या दुप्पट टॉवेल हवेत, वर दोन जादा. दर महिन्याला कुठल्याही 10 बाळांचं तापमान टीमने स्वतः घ्यावं, आणि त्यात 3 थंड निघाली तर बाळाच्या प्रवासाचा कागद पुन्हा काढून प्रसूतीच्या टेबलाजवळ उभं राहावं.